रोडबाईकची चाकं बदलू का? (नागपूर, रिम ब्रेक, ८२ किलोचा गडी)

तर्रीपोहे | ९ मार्च, रात्री १०:५०

मंडळी, तीन रात्री झोप नाही म्हणून धागा काढतोय. विषय तोच, जो रोडबाईक घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी चावतो. चाकं.

सायकल २०१९ ची. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो सोरा, मागे ९ गिअर, रिम ब्रेक. ६३ हजारांना घेतली होती. आजवर २१ हजार किमी झालेत. चाकं सोबत आलेलीच आहेत, पुढे २४ स्पोक, मागे २८. टायर २५ मिमी. मूळचे केव्हाच झिजले, आता दुकानात जे होते ते तारेच्या कडेचे आहेत.

आठवड्यातून दोनदा पहाटे सव्वापाचला प्रतापनगरातून निघून वर्धा रोडने बुटीबोरी आणि परत. रविवारी रामटेक नाहीतर कोंढाळी. या मोसमात ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) करायची आहे.

दुखणं असं की ग्रुपमधल्या चौघांनी सहा महिन्यांत ५० मिमी खोलीची कार्बन चाकं घेतली. खापरीचा पूल उतरलं की चौघं ३५-३६ ला जातात. मी जामठ्यापर्यंत जीव तोडून धरून ठेवतो आणि मग सुटतो. त्यांच्या मागच्या हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) तो भुर्रर्र आवाज लांब लांब जाताना ऐकू येतो. तो आवाज स्वप्नात येतो हो.

एका ओळखीच्याकडून रिम ब्रेकची ५० मिमी कार्बन जोडी ५२ हजारांत मिळतेय. वजन १५२० ग्रॅम. माझी जोडी टायर, ट्यूब, कॅसेट (मागच्या गिअरच्या दात्यांचा संच) काढून बायकोच्या बॅगा मोजायच्या काट्याला टांगली तर १९५० भरली. म्हणजे ४३० ग्रॅमचा फरक.

घेऊ का? सायकलच्या किमतीएवढी चाकं घालणं शहाणपणाचं आहे का? तसंही मागच्या चाकाचे पाच महिन्यांत तीन स्पोक तुटले, तेव्हा चाकं बदलायला निमित्त आहेच.

---

बर्डीवाला | ९ मार्च, रात्री ११:०५

अबे ५२ हजारात माझी सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आली. ते जामठ्याले सुटत नाही, थेट चंद्रपूरले जाते.

शनिवारी रात्री सावजी हाणून सकाळी ३५ नं जाशील तर सुटशीनच ना भाऊ. चाकाचा काय दोष त्याच्यात?

---

कोथरूडकर_रायडर | १० मार्च, सकाळी ७:२०

घ्या. डोळे झाकून घ्या. मी दोन वर्षांपूर्वी बदलली, सायकल वेगळीच झाली. फ्रेम नंतर बदलता येते, तीच चाकं नव्या फ्रेमला जातात. फिरतं वजन कमी केलं की सायकल उसळी मारते. फ्रेमवरचे ४०० ग्रॅम आणि रिमवरचे ४०० ग्रॅम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे ज्याने चालवलंय त्यालाच कळतं.

---

चाकोरी | १० मार्च, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत हिशोब करून बघितला, कारण "उसळी" हे एकक मला मोजता येत नाही.

रिमवरचं वजन वेग घेताना फार तर दुप्पट धरावं लागतं, कारण ते पुढेही जातं आणि फिरतंही. इथे सगळा फरक रिमवरच आहे असं उदारपणे धरू. म्हणजे ४३० चे ८६० ग्रॅम. शून्यावरून ताशी ३० ला यायला तेवढ्या वजनाला साधारण ३० जूल लागतात. तर्रीपोहे अधिक सायकल अधिक दोन बाटल्या म्हणजे ९४ किलो धरले तर त्यांना लागतात सुमारे ३२६० जूल. अजनी चौकातल्या सिग्नलवरून सुटताना वाचले एक टक्क्याहून कमी. आणि एकदा वेग पकडला की सपाट रस्त्यावर वजनाचा फायदा जवळपास संपतो.

चढावर? समजा परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात, सातेकशे मीटरची चढाई. ४३० ग्रॅम तेवढे वर न्यायला सुमारे २९५० जूल. २०० वॅट लावत असाल तर वाचले १५ सेकंद. संपूर्ण घाटात. वर पोचून कॉफी सांगायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आता टायर बघा. तारेच्या कडेचा स्वस्त टायर आणि चांगला रेसिंग टायर यांच्या रोलिंग रेझिस्टन्सच्या (टायर रस्त्यावर फिरताना होणाऱ्या विरोधाच्या) गुणांकात ०.००६ आणि ०.००४ एवढा फरक सहज पडतो. ९४ किलोला, ताशी ३० ला, हा फरक होतो १५ वॅट. टायरच्या जोडीला दहा-अकरा हजार. ५० मिमी रिम या वेगाला देईल ते वॅट हाताच्या बोटांवर मोजता येतील.

खोल रिमचा फायदा खोटा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने, म्हणून ४० च्या पुढे तो खरंच जाणवतो. पण त्या विरोधातला मोठा वाटा अंगाचा असतो. कोपर वाकवून छाती खाली आणली तर ते फुकट आहे.

---

तर्रीपोहे | १० मार्च, दुपारी २:००

ताई, १५ सेकंद? मी बायकोला सांगून ठेवलं होतं की चिखलदऱ्याला नव्या चाकांनी अर्धा तास वाचेल.

---

मेधा_बीआरएम | १० मार्च, रात्री ९:३०

चाकोरीशी सहमत, आणि एक गोष्ट आकड्यांतून सुटते ती सांगते. नागपूरचे सिमेंटचे रस्ते. त्यांत दर साडेचार मीटरच्या आसपास आडवा जॉइंट असतो. ताशी ३० ला म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन ठोके. बुटीबोरीला जाऊन यायला लागतात दोन तास. तुमच्या वाटेत त्यातला थोडाच भाग सिमेंटचा असला तरी किती ठोके मनगटाला बसतात ते मोजा.

मी पहिली २०० केली तेव्हा २५ च्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा भरून गेले होते, कारण दुकानात सांगितलं, "टाईट हवा, फास्ट गाडी". १४० किमीला माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. सुन्न. शेवटच्या कंट्रोलला (तपासणीच्या ठिकाणी) ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राईडच्या नोंदीच्या कार्डावर, सही करायला पेन धरता येईना, तिथल्या मुलाने हसत हसत कार्ड धरून दिलं. वेळ मात्र भरपूर होती, २०० ला साडेतेरा तास असतात. पुढच्या वेळी २८ चे टायर, मागे ७५ आणि पुढे ७०. माझं वजन ६१ आहे, तुम्हाला थोडी जास्त लागेल.

आधी फ्रेमला २८ बसतो का बघा. ब्रेकच्या कमानीखाली आणि चेनस्टेजवळ (मागच्या चाकाशेजारच्या आडव्या दांड्यांजवळ), दोन्हीकडे बोटभर नाही पण चार मिमी तरी मोकळे पाहिजेत. ३०० ला २० तास मिळतात. तिथे हात आणि बूड टिकवणारा पुढे जातो.

---

चाकोरी | १० मार्च, रात्री १०:१०

हवेवरून आठवलं. मार्च आहे म्हणून सांगते. सकाळी ३० अंशांना ९० पीएसआय भरली आणि राईडनंतर सायकल ऑफिसबाहेर उन्हात उभी केली, टायरमधली हवा ६० अंशांना गेली, तर प्रेशर १०० होतं. १२० भरणाऱ्यांचं काय होईल ते तुम्हीच बघा. माझ्या शेजाऱ्यांच्या सायकलची ट्यूब मागच्या मे महिन्यात दुपारी अडीचला पार्किंगमध्ये फुटली, वॉचमनला वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला.

---

कोथरूडकर_रायडर | ११ मार्च, सकाळी ८:००

ठीक आहे, आकडे मान्य. पण सायकल काय फक्त एक्सेल शीट आहे का? माणूस चांगल्या चाकांवर बसला की रोज बाहेर पडतो, हाही फायदाच की. आणि नागपूरला घाटच नाहीत, तिथे सपाटीवर तर एअरोच (हवा कापणारंच) पाहिजे.

---

बर्डीवाला | ११ मार्च, सकाळी ८:३०

पुणेकर काका, घाट नाही म्हणून काय झालं? २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पुरी करणारे डॉ. अमित समर्थ नागपूरचेच. अन् उन्हाळ्यातला वारा तुम्ही पाह्यला नाही वाटते. वर्धा रोडले बाजूनं ट्रक गेला की साधी रिमसुद्धा थरथरते. ५० मिमी म्हणजे सायकलले पालच लावून चालला तू.

---

कोथरूडकर_रायडर | ११ मार्च, सकाळी ८:४५

हात जोडले. समर्थांबद्दल दुमत नाही. आणि काका कोणाला म्हणता, मी ३४ चा आहे.

---

नाना_महालकर | ११ मार्च, रात्री ९:१५

सगळा धागा वाचला. एवढी गणितं झाली, पण तर्रीपोहे यांनी शेवटच्या ओळीत लिहिलेलं कोणी विचारलं नाही. पाच महिन्यांत तीन स्पोक तुटले. का तुटले?

माझ्या वडिलांचं महालात सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मी रेल्वेत फिटर होतो, पण चाक बांधायला शिकलो ते दुकानात. स्पोक वजनाने तुटत नाही. तो तुटतो सैल राहिल्याने. चाक फिरताना जमिनीजवळच्या स्पोकचा ताण प्रत्येक फेरीत कमी होतो आणि पुन्हा वाढतो. एका किलोमीटरला पावणेपाचशे वेळा. ताण पुरेसा आणि सारखा असेल तर तो हे वर्षानुवर्षं सोसतो. सैल असेल तर तो मागेपुढे हलतो आणि हबजवळ जिथे वाकलेला असतो त्या मानेत थकतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच.

मला चार गोष्टी सांगा.

तिन्ही स्पोक कुठले, उजवीकडचे म्हणजे कॅसेटच्या बाजूचे की डावीकडचे? हबजवळ तुटले की रिमजवळ? दुकानात नुसता नवा स्पोक टाकून आउट काढून (चाक सरळ करून) दिला, की बाकीच्या स्पोकचा ताणही बघितला?

चौथी गोष्ट तुम्ही स्वतः करायची. घरात शांतता असताना सायकल उलटी करून मागच्या चाकाचे स्पोक एकेक करून नखाने छेडा. उजव्या बाजूचा सूर चढा आणि डाव्याचा उतरता लागेल, ते बरोबर आहे, कारण मागचं चाक कॅसेटमुळे एका बाजूला ओढलेलं असतं. पण एकाच बाजूचे सूर आपसांत जुळले पाहिजेत.

---

तर्रीपोहे | १२ मार्च, रात्री १०:४०

नाना, मुलीचा अभ्यास होईपर्यंत थांबलो, मग हॉलमध्ये सायकल उलटी केली.

तिन्ही उजवीकडचे, तिन्ही हबजवळ मानेतून तुटलेले. दुकानात दर वेळी एक स्पोक टाकला आणि ब्रेकला घासत नाही एवढं बघून दिलं. १५० रुपये. ताण मोजायचं यंत्र वगैरे काही दिसलं नाही.

सूर ऐकले. उजवीकडे १४ आहेत. पहिले तीन टिंग टिंग टिंग. चौथा टण्ण, फार चढा. पाचवा थप्प. म्हणजे सूरच नाही, नुसता पत्रा. मग पुन्हा दोन बरे, मग पुन्हा एक थप्प. मुलगी हार्मोनियम शिकते, ती म्हणाली, "बाबा, हे बेसूर आहे."

---

नाना_महालकर | १२ मार्च, रात्री ११:००

मुलीचा कान चांगला आहे.

तुमचं चाक सरळ दिसतंय ते एका स्पोकने ओढलं आणि दुसऱ्याने सोडलं म्हणून. भांडण दोघांचं आणि सरळ दिसतंय घर. आता आणखी दोन गोष्टी बघा आणि उद्याच्या राईडच्या आधी बघा.

एक. दोन्ही चाकांच्या रिमवर जिथे ब्रेकचं रबर घासतं तिथे स्टीलची पट्टी आडवी, उभ्या कडेवर धरा आणि पलीकडून टॉर्च मारा. पट्टीखालून मध्यभागी उजेड दिसला तर भिंत खपून खोलगट झाली आहे. २१ हजार किमी आणि सात पावसाळे झालेत, पावसात रबरात वाळू अडकते आणि ती रिमला सँडपेपरसारखी खाते. भिंत फार पातळ झाली तर हवेच्या दाबाने एक दिवस उकलते.

दोन. मागच्या रिमवर प्रत्येक निप्पलभोवती (स्पोक रिमला आवळतो त्या नटाभोवती) कपडा फिरवून नीट बघा. चष्मा लावून.

---

तर्रीपोहे | १३ मार्च, पहाटे ५:०५

नाना. आज राईडला गेलो नाही.

उजवीकडच्या दोन निप्पलच्या भोकांपासून केसाएवढी रेघ निघाली आहे, दोन्ही अंगांना, रिमच्या लांबीच्या दिशेने. आधी वाटलं मळ आहे. रॉकेलच्या फडक्याने पुसलं. मळ गेला, रेघ राहिली. नख फिरवलं तर अडकतं. एका ठिकाणी तर निप्पलभोवतीचा पत्रा टेकाडासारखा किंचित वर आला आहे. फोटो टाकलाय, नीट दिसत नाही, पण आहे.

हे घेऊन मी रविवारी रामटेकच्या गडावरून ५० ने उतरलो होतो.

---

नाना_महालकर | १३ मार्च, सकाळी ६:३०

फोटोत दिसतंय. ती रिम संपली. त्यावर आता बसू नका, कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा नाही.

जो स्पोक चढा वाजत होता त्याच्या जवळच रेघ आहे का बघा. शेजारचा सैल, मग सगळा भार ह्याच्यावर.

---

तर्रीपोहे | १३ मार्च, सकाळी ६:४०

एक रेघ अगदी त्या चढ्याच्याच खाली. दुसरी दुसऱ्या थप्पच्या शेजारी.

---

कोथरूडकर_रायडर | १३ मार्च, सकाळी ९:००

बापरे, थोडक्यात वाचलात. पण मग आता प्रश्नच मिटला की. चाकं घ्यावीच लागणार. घ्यायचीच तर कार्बन का नको?

---

चाकोरी | १३ मार्च, दुपारी १:३०

प्रश्न बदलला, मिटला नाही. काल प्रश्न होता "वेगासाठी ५२ हजार घालू का". आज आहे "२१ हजार किमी टिकेल असं चाक कसं मिळवू". दोन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही.

रिम ब्रेक आणि कार्बनबद्दल एक सांगते. ब्रेक लावला की सगळी उष्णता रिममध्ये जाते. अ‍ॅल्युमिनियम ती पटकन पसरवतं आणि हवेला देतं. कार्बन देत नाही, ती एका जागी साठते आणि थर धरून ठेवणारं रेझिन मऊ पडू शकतं. सपाट नागपुरात रोज हा प्रश्न येणार नाही. पण ८२ किलोचा माणूस मे महिन्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याला ब्रेक धरून उतरतोय, तेही बनावट ठाऊक नसलेल्या रिमवर, हे चित्र मला आवडत नाही. शिवाय कार्बनला वेगळे ब्रेक पॅड लागतात आणि पावसात ब्रेक उशिरा पकडतो.

आणि पुढची सायकल घ्याल ती बहुतेक डिस्क ब्रेकचीच असेल. तिचा मागचा एक्सल १२ बाय १४२, तुमचा १३० चा क्विक रिलीज. म्हणजे "तीच चाकं नव्या फ्रेमला जातील" हे होणार नाही.

---

सँडल_सायकलिस्ट | १३ मार्च, दुपारी ४:४५

मध्येच विचारतो. ट्यूबलेस का नाही करत? गोरेवाड्याच्या बाजूला बाभळीचे काटे इतके आहेत की मी गेल्या वर्षी २३ पंक्चर काढले. ट्यूबलेस केल्यापासून एक.

---

मेधा_बीआरएम | १३ मार्च, रात्री ८:२०

काट्यांसाठी उत्तमच. पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट (टायरच्या आत टाकायचं, भोक बुजवणारं द्रव) लवकर वाळतं, दर दीड-दोन महिन्यांनी टॉप-अप करावं लागतं. ते आळशी माणसाचं काम नाही, मी स्वतः आळशी आहे.

आणि घ्यायचीच तर रिम कडेला हूक असलेली घ्या. बिनहुकाच्या रोड रिमला ५ बारची, म्हणजे ७२.५ पीएसआयची मर्यादा असते. "टाईट हवा, फास्ट गाडी"वाल्यांच्या गावात तशी रिम नको. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस द गेंट हा रायडर तशा रिमवर चालवताना पडला त्यानंतर व्यावसायिक रायडरांमध्येही त्यावरून वाद पेटला होता.

---

नाना_महालकर | १३ मार्च, रात्री ९:४५

सांगतो ते पटलं तर करा.

नवी जोडी घेऊच नका. फक्त मागचं चाक बांधून घ्या. मागे ३२ स्पोक, तीन-क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो). हब शिमानोचा १०५ चा ३२ भोकांचा. कोन आणि छर्रे असतात, वर्षातून एकदा उघडून ग्रीस घातलं की आयुष्यभर चालतो. रिम डीटी स्विसची आर ४६०, आतून १८ मिमी रुंद, म्हणजे २८ चा टायर ऐसपैस बसतो. स्पोक मध्ये बारीक, टोकांना जाड असे. ते थोडे ताणतात म्हणून कमी तुटतात. निप्पल पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमचे निप्पल रंगीत दिसतात, पण गंजून चिकटले की स्पोक फिरवताना त्यांची टोपी निघते.

सगळं मिळून १४-१५ हजारांत होईल. उरलेल्यातून मेधाताई म्हणतात तसे २८ चे चांगले टायर.

बांधणारा कोणीही असो, त्याला दोन गोष्टी विचारा. ताण मोजायचं यंत्र आहे का. आणि बांधून झाल्यावर समांतर स्पोक जोडीजोडीने हाताने जोरात दाबून पुन्हा आउट काढतो का. तसं दाबलं की स्पोकच्या मानेतला अडकलेला ताण निघतो. जो म्हणेल "त्याची गरज नसते", त्याला नमस्कार करून परत या.

---

तर्रीपोहे | १३ मार्च, रात्री १०:००

नाना, याचं वजन किती होईल?

---

नाना_महालकर | १३ मार्च, रात्री १०:१०

आता आहे तेवढंच. दहा-वीस ग्रॅम जास्तच.

---

बर्डीवाला | १३ मार्च, रात्री १०:१२

😂😂 घे भाऊ, अपग्रेड!

---

तर्रीपोहे | ६ एप्रिल, रात्री ९:३०

अपडेट द्यायचं राहिलं होतं.

कार्बनवाल्याला नाही म्हणून सांगितलं. जरा वेळ फोन हातात धरून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. मागचं चाक नानांच्या यादीप्रमाणे बांधून घेतलं. रिम यायला बारा दिवस लागले. कारागिराने स्पोकची लांबी काढली, उजवीकडचे डावीकडच्यापेक्षा दोन मिमी आखूड. मी शेजारी स्टुलावर बसून बघितलं. ३२ स्पोक सैल अडकवल्यावर रिम अशी लुळी दिसत होती की वाटलं हे काही चाक होत नाही. मग तो प्रत्येक निप्पलला पाव फेरी देत गेला. पाव, पाव, पाव, तीन-चार वेळा सगळं चाक फिरून. तासाभराने बोटाने टिचकी मारली तर हॉलभर सूर. ताणाच्या यंत्रावर उजवी बाजू ११५ किलोच्या आसपास. स्पोक दाबून घेतले, तेव्हा कडकड आवाज आला आणि मी घाबरलो. तो म्हणाला, आता नाही आला तर रस्त्यावर येईल.

घरी येऊन कॅसेट स्वतः बसवली आणि इथे फसलो. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळली तरी कॅसेट खुळखुळत होती. दोन दिवस वाटलं हबच बिघडलेला. शेवटी चाकोरीताईंना निरोप टाकला.

---

चाकोरी | ६ एप्रिल, रात्री ९:४०

१.८५ मिमीचा स्पेसर. १०५ चा हब ११ गिअरसाठी केलेला, त्याची फ्रीहब बॉडी (कॅसेट बसते तो भाग) तेवढी लांब. ९ ची कॅसेट घालताना आधी ती रिंग टाकायची. ती हबच्या खोक्यातच होती ना?

---

तर्रीपोहे | ६ एप्रिल, रात्री ९:५०

खोक्यात होती. खोकं रद्दीत होतं. रद्दी गॅलरीत होती, म्हणून वाचलो.

तर टायर २८ चे, मागे ८०, पुढे ७५. ब्रेकच्या कमानीखाली साडेचार मिमी जागा उरली. काल पहिली बुटीबोरी केली. सिमेंटचे जॉइंट अजून लागतात, पण ठक् च्या जागी ढप् लागतं. मनगट दुखलं नाही.

आणि हो, सुटलो. पण जामठ्याला नाही, डोंगरगावच्या पुढे सुटलो.

---

मेधा_बीआरएम | ६ एप्रिल, रात्री १०:०५

छान! पुढच्या वेळी समोरच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर राहा, दोन मीटर सोडत असाल तर सगळा वारा तुमच्याच अंगावर येतो. आधी एकाच माणसाबरोबर सराव करा.

---

बर्डीवाला | ६ एप्रिल, रात्री १०:२०

ते जुनी तडकलेली रिम फेकजो नको. मले दे. गॅलरीत कारल्याचा वेल चढवाचा आहे, गोल मांडव पाहिजे होता.

---

तर्रीपोहे | ६ एप्रिल, रात्री १०:२५

रविवारी घेऊन जा, चहाही पिऊन जा. पुढचं चाक मात्र देणार नाही, ते अजून ठणठणीत आहे.

---

नाना_महालकर | ६ एप्रिल, रात्री १०:४०

चाकाचं ऐकून बरं वाटलं.

पण मी पट्टी दोन्ही चाकांवर ठेवायला सांगितली होती. ब्रेकचा जास्त भार पुढच्यावरच येतो. पुढच्या रिमवर ठेवून पाहिली का?